परीस, मुद्रिका आणि लोखंडी पेटी

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने इतरांच्या कादंबऱ्या वाचाव्यात की नाही, याबद्दल आमच्या मंडळींत दोन तट आहेत. वाचल्याने आपला सूर बिघडतो असे एक तट म्हणतो. दुसरा तट काहीच म्हणत नाही, कारण तो वाचीत बसलेला असतो. मी पोटासाठी शिक्षक आणि हौसेने कादंबरीकार असल्यामुळे दोन्हीकडे माझी ऊठबस आहे. परंतु एका जातीची पुस्तके गेली दहाबारा वर्षे नुसती साठत होती. कुमारवयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या, हीच ती जात. आमच्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी पेटी आणि तिची माझ्या जानव्याला नव्हे, पण कमरेला असलेली किल्ली. त्या पेटीत काही पुस्तके देणगीदाखल आली, काही माजी विद्यार्थ्यांनी वाचून झाल्यावर पुण्याहून पाठवून दिली. मुले ती नेत, आणत आणि आपसांत कुजबुजत. मास्तर मात्र कोरडा होता.

यंदा आषाढापासून भाद्रपदापर्यंत मी ही थकबाकी फेडली. वेल्ह्याचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना एवढा मुक्काम पुरे का, हे सांगावे लागणार नाही. (तालुक्याला राजगड हे नाव देण्याचे राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजूर केले, पाऊस मात्र अजून जुन्याच हिशेबाने पडतो.) भोरहून शाळेला जाताना नसरापुरावर एस.टी.ची वाट पाहण्यात दिवसाला तीसचाळीस पाने सहज होत. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या वेशीवर थांबलेले, म्हणून जी पुस्तके मराठीत उतरली तीच वाचली. तेव्हा हे जे सांगतो आहे ते मराठी पुस्तकांबद्दल आहे, आणि मराठी वाचणाऱ्या तेरा ते सोळा वयाच्या पोरांबद्दल.

ही अद्भुताची लाट परदेशातून आली असे आपण समजतो. ते काही खरे नाही. मराठी कादंबरीचा जन्मच मुळी दोन पाळण्यांत झाला. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे खरे दुःख मांडले, आणि पुढच्या दहाएक वर्षांत हळब्यांची ‘मुक्तामाला’, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ अशी राजपुत्रांची आणि राजकन्यांची वरात निघाली. ‘मंजुघोषा’ १८६८ ची. तिच्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबुडांनी जे कारण दिले आहे ते मला फार प्रामाणिक वाटते. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की आमची लग्ने आईबाप लावून देतात, आमच्या जगण्यात ना मोठे दुर्गुण ना मोठे सद्गुण, मग रोजचे लिहिले तर वाचणार कोण? म्हणून विमाने उडवावी लागली. इकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणल्याच होत्या. पुढे १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून या असंभाव्य प्रकाराचा समाचार घेतला. मग हरिभाऊ आपटे आले, ‘पण लक्षात कोण घेतो’ आले, आणि अद्भुताला दिवाणखान्यातून उठवून माजघरात बसवण्यात आले. तिथून ते मुलांच्या खोलीत गेले. तिथे गो. ना. दातारांची ‘कालिकामूर्ती’ आणि ‘इंद्रभुवनगुहा’ होती, नाथमाधवांचा ‘वीरधवल’ होता.

नाथमाधवांबद्दल आमच्या भागात थोडा जास्त जिव्हाळा असायला हरकत नाही. हा माणूस शिकारीचा शौकीन. १९०५ साली सिंहगडाच्या कड्यावरून कोसळला आणि कमरेपासून खाली लुळा झाला. त्यानंतर अंथरुणावर पडून त्याने कादंबऱ्या लिहिल्या. तोरण्यावरून सिंहगड दिसतो तेव्हा मला दर वेळी वाटते, ‘वीरधवल’मधली ती सगळी धावपळ, ती कटकारस्थाने, ती कल्पित राज्ये एका न चालू शकणाऱ्या माणसाने रचली. अद्भुत म्हणजे पळवाट, असे म्हणणाऱ्या टीकाकाराने या एका लेखकापाशी जरा थांबावे. पळणार कसा तो?

तरीही आज ‘वीरधवल’ वाचताना माझे मन पूर्वीसारखे रमत नाही. भाषा जुनी झाली हे त्याचे कारण नव्हे. वीस पुस्तके एकापाठोपाठ एक वाचल्यावर माझ्या हाती एक साधी फूटपट्टी लागली. पुस्तकातल्या चमत्काराला काही किंमत पडते का? ज्या गोष्टीत जादू फुकट मिळते ती गोष्ट दहाव्या प्रकरणाला झोपते. नायक संकटात सापडला की म्हातारा योगी प्रकट होणार, हे एकदा कळले म्हणजे संकटाची भीती ती काय राहिली? माझ्या ढिगाऱ्यात अलीकडची गुळगुळीत वेष्टनाची काही पुस्तके होती, त्यांत दर चार पानांना एक अग्निमुखी सर्प आणि दर पाच पानांना त्यावर उतारा. नावे घेत नाही, सणाचे दिवस आहेत.

ही फूटपट्टी मी विलायतेहून आणलेली नाही. १९५२ पासून मराठीत येऊ लागलेला ‘चांदोबा’ ज्यांनी लहानपणी वाचला त्यांना शंकर यांचे ते चित्र आठवत असेल: स्मशान, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, आणि न थकणारा विक्रम. त्या गोष्टींत वेताळ काय सांगतो हे आपण विसरतो. नियम विसरत नाही. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील, आणि बोललास तर मौन मोडले म्हणून प्रेत पुन्हा झाडावर. शहाणपणाचीच शिक्षा. असा घट्ट नियम बांधला म्हणून ती मालिका पन्नास वर्षे चालली. श्रावणातल्या कहाण्यांतही तेच आहे. घेतलेला वसा टाकला की सात मजली वाडा गेला. आणि महाभारत तर सगळेच्या सगळे हिशेबाचे आहे. कर्णाने कवचकुंडले कापून दिली तेव्हा त्याला शक्ती मिळाली, तीही एकदाच वापरायची, आणि अर्जुनासाठी जपलेली ती घटोत्कचावर खर्ची पडली. इतकी कडक जमाखर्चाची वही घरात असताना आमच्या कादंबरीतले योगी उधारीवर चमत्कार वाटत फिरले, याचे मला नवल वाटते.

आता नव्या पुस्तकांकडे वळतो. हॅरी पॉटर नावाच्या पोराची गोष्ट इंग्रजीत १९९७ ते २००७ या काळात सात भागांत आली. पहिला भाग बाळ ऊर्ध्वरेषे यांनी मराठीत आणला, ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने. ‘परीस’ हा शब्द पाहून मला आनंद झाला. मूळ नावात तत्त्वज्ञाचा दगड आहे. तसेच ठेवले असते तर आमच्या पोरांनी ते पुस्तक तर्कशास्त्राचे समजून पेटीतच राहू दिले असते. परीस म्हटले की लोखंडाचे सोने हे शेंबड्या पोरालाही कळते. पण शब्द आपल्याबरोबर आपला संसार घेऊन येतो. आमचा परीस सोने करतो, आयुष्य वाढवीत नाही. त्या दगडातून मात्र अमृतही निघते, आणि दुष्ट मांत्रिकाला हवे आहे ते अमृतच. त्यामुळे मराठी वाचणारा मुलगा बराच वेळ चुकीच्या वस्तूच्या मागे असतो. याला अनुवादकाचा दोष म्हणता येणार नाही. मला याहून बरा शब्द सुचलेला नाही.

त्या पुस्तकातली मला सर्वांत आवडलेली जागा शेवटी आहे. परीस आरशात लपवलेला आहे, आणि तो मिळतो कोणाला, तर ज्याला तो सापडावा असे वाटते पण वापरायचा नाही त्याला. हा नियम वेताळाच्या तोडीचा आहे. आणि पुढच्या भागांत त्या दुष्टाने आपला जीव तुकडे करून वस्तूंमध्ये दडवला आहे, हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, म्हणजे राक्षसाचा प्राण पोपटात!” अगदी बरोबर. सात समुद्रांपलीकडचा तो पोपट आमच्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. बाईंनी त्यात एकच भर घातली: जीव दडवायचा तर दर वेळी एक खून करावा लागतो. आमच्या राक्षसाला पोपट फुकट मिळाला होता. या एका भरीने आजीची गोष्ट चौदा वर्षांच्या मुलाची झाली.

बाकी मला खटकलेलेही पुष्कळ आहे. चौथ्या भागापासून पुस्तके अशी फुगतात की एस.टी.त एका हाताने धरवत नाहीत. शाळेतल्या खेळाच्या सामन्यांची वर्णने मी, खरे सांगायचे तर, उडवली. मेजवान्यांची मात्र वाचली. आमच्याकडची वसतिगृहात राहणारी मुले त्या जादूच्या वसतिगृहाची आपल्याशी तुलना करून दिवसभर हसत होती. ताटे आपोआप भरतात हे त्यांना चमत्कारांतला सगळ्यांत मोठा चमत्कार वाटला, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

टॉल्किन यांचा ग्रंथ वेगळ्या वजनाचा. इंग्रजीत तो १९५४–५५ साली तीन खंडांत निघाला. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी तो ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून आणला. पुन्हा नावापाशीच अडलो. ‘अंगठी’ म्हटले असते तर लग्नाची आठवण झाली असती. ‘मुद्रिका’ म्हटले की हनुमंत आठवतो, अशोकवनातली सीता आठवते, शकुंतलेच्या बोटातून गळून माशाच्या पोटात गेलेली ती अंगठी आठवते. आमच्याकडे मुद्रिका ही ओळख पटवण्याची वस्तू आहे. ती दाखवली की माणूस कोणाचा ते कळते. हरवली की नवरा बायकोला ओळखत नाही. टॉल्किनची मुद्रिका याच्या नेमकी उलट चालते. ती घातली की माणूस दिसेनासा होतो आणि दीर्घ काळ बाळगली की स्वतःलाही ओळखू येईनासा होतो. गॉलम नावाचे ते पात्र पाहा: कधी काळी तोही नदीकाठचा एक साधा प्राणी होता. मराठी शब्दामुळे हा विरोध अधिक टोकदार होतो, आणि इंग्रजी वाचकाला न मिळणारी ही गंमत आपल्याला आयती मिळते.

शिवाय, एवढ्या प्रचंड कथेचा भार एका बुटक्या, खाण्यापिण्याची आवड असलेल्या, घर सोडायला नाखूश जीवावर टाकला आहे. शेवटी ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडोला ती मुद्रिका टाकवत नाही. तो ती ठेवून घेतो म्हणतो! हे वाचून नववीतली एक मुलगी माझ्यावर रागावली, जणू मीच ते लिहिले होते. आणि परत आल्यावर त्याला आपल्या गावात राहवत नाही, हे तर तिला मुळीच मान्य नव्हते. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने मात्र मान हलवली. तिचे आजोळ धरणात गेलेले. आमच्या दोन तालुक्यांत अशी माणसे फार. १९२८ सालचे भाटघर, मग पानशेत, मग गुंजवणी. प्रत्येक पाण्याखाली कोणाचे तरी अंगण आहे. जग वाचले पण माझे गाव मला उरले नाही, हे वाक्य मी त्यांना समजावून देण्याची गरज नव्हती.

येथे एक अडचण मांडली पाहिजे, कारण ती मला पालकांनी विचारली आहे, सहकाऱ्यांनी विचारली आहे. ज्या मुलुखात अजून मूल आजारी पडले की आधी देवऋषी आणि मग दवाखाना असा क्रम आहे, तिथे शिक्षकाने मंत्रतंत्राची पुस्तके वाटावीत काय? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २०१३ साली झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याची भित्तिपत्रके शाळेच्या व्हरांड्यात लावायची आणि आत पेटीतून चेटकिणी काढून द्यायच्या, हे कसे काय?

मी हा प्रश्न हसण्यावारी नेत नाही. पण मुलांना वाचताना पाहिले आहे त्यावरून माझे मत बनले आहे. आठवीतल्या एका मुलीने पुस्तक परत देताना सांगितले, “सर, ह्यातला मांत्रिक कोंबडं नाही मागत.” ती एवढेच बोलली आणि गेली. कोंबडे, नारळ, अकराशे रुपये आणि अमावास्या हा खऱ्या जगातल्या मांत्रिकाचा नियम. तिथे किंमत नेहमी दुसऱ्याने द्यायची असते. कादंबरीतला मांत्रिक किंमत स्वतः मोजतो, आणि मोजीत नसेल तर तो खलनायक ठरतो. हा फरक त्या पोरीने न शिकवता टिपला. जिला गोष्टीचे नियम कळतात तिला फसवणुकीचे नियमही लवकर कळत असावेत. उलट ज्या पोराला अद्भुत फक्त घाबरवण्यापुरते भेटले, पिंपळाखाली, तिन्हीसांजेला, त्याच्याजवळ ते तपासायला काही साधनच नसते. भुताला पानांत बसवले की मागचे पान उलटून पाहता येते.

मुलांना द्यायला आपल्याकडे दुसरे काय आहे? ‘श्यामची आई’ आहे, आणि ती मी दरवर्षी वाचून दाखवतो. पण प्रत्येक पुस्तकाने कान धरला तर कान लांब होतात. भा. रा. भागवतांनी जूल व्हर्न मराठीत आणला, ॲलिसची जाई केली, आणि फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर बसवून दिला. आमच्या पेटीतली फास्टर फेणेची पुस्तके बांधणी सुटून पत्त्यांसारखी झाली आहेत, याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ रंगमंचावर नाचवले, पण ते धाकट्यांसाठी. तेराव्या वर्षानंतर आपण मुलाच्या हातात एकदम ‘स्वामी’ देतो, ‘मृत्युंजय’ देतो, शिवचरित्र देतो. अद्भुताची भूक आपण इतिहासावर भागवतो. आमच्या तालुक्यात तर विचारूच नका. शिवाजी महाराजांना तोरण्यावर धन सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला, ही गोष्ट येथले मूल अक्षरओळखीच्या आधी शिकते. संजीवनी माचीचे चोरदरवाजे, सुवेळा माचीचे नेढे, अफझलखानाचे शिर पुरल्याची सांगण्यातली जागा. कोणत्या कादंबरीकाराने यापुढे आपला नकाशा काढावा?

तरी मला त्यात एक उणीव जाणवते, आणि ती सांगताना मी शब्द जपून वापरतो. इतिहासाच्या गोष्टीत आमचा मुलगा मान वर करून उभा असतो. तो नमस्कार करतो, ऊर भरून येतो, आणि घरी जातो. त्या गोष्टीत काय व्हायचे ते झालेले आहे. त्याने करण्याजोगे काही शिल्लक नाही. जिन्याखालच्या अडगळीत झोपणाऱ्या अनाथ पोराच्या किंवा त्या बुटक्या फ्रोडोच्या गोष्टीत मात्र पुढचे पाऊल कोणी टाकायचे हे ठरलेले नसते. कोणाही घरचे पोर तिथे शिरू शकते. गो. नी. दांडेकरांना हे कळले होते असे मला वाटते. राजगडाच्या परिसरात त्यांनी ‘वाघरू’ रचले ते महाराजांवर नव्हे, गडाच्या अंगाखांद्यावरच्या साध्या जीवांवर. त्यात अद्भुत नाही, पण अद्भुताला लागणारी जमीन आहे. त्या जमिनीवर कोणी मुलांसाठी कादंबरी पेरली तर मी ती पहिली विकत घेईन, पेटीसाठी नव्हे, स्वतःसाठी.

सामग्रीची वाण नाही. भाटघरच्या पाण्यात वेळवंडीकाठचे कांबरेश्वराचे देऊळ बुडालेले आहे. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरले की ते वर येते, लोक दर्शन घेतात, पाऊस पडला की पुन्हा गडप. परदेशातल्या लेखकाला असे देऊळ कल्पावे लागले असते. आणि ऐन दिवाळीत दारोदार पोरे मातीचे किल्ले करतात ना, ते जरा वाकून पाहा. वर सिंहासन, खाली मावळे, हे ठरलेले. पण कडेला काय चालले आहे? अळीव पेरलेल्या रानात प्लॅस्टिकचा वाघ, त्याच्या शेजारी आगगाडीचा डबा, आरशाच्या तुकड्याचे तळे, त्यात बुडालेले एक खेळण्यातले घर. कोणी सांगितले नसताना पोराने तिथे आपली स्वतःची गोष्ट चालू केलेली असते. मोठी माणसे येऊन वाघ काढून ठेवतात, कारण इतिहासात बसत नाही. मी वर्गात सांगून ठेवले आहे की वाघ काढायचा नाही.

भाद्रपद संपताना नववीतल्या त्या रागावलेल्या मुलीने मला एक दोनशेपानी वही आणून दिली. चाळीस पाने भरलेली. तोरण्यावरचे धन अजून संपलेले नाही, अशी तिची कल्पना. जो ते उचलील त्याला हवे तेवढे मिळते, पण एका मोहरेमागे घरच्या एका माणसाचे नाव विसरते. तिच्या नायिकेने सात मोहरा उचलल्या आहेत आणि आईला हाक काय मारावी हे तिला आठवत नाही. वही इथवर आली आहे. मी ऱ्हस्वदीर्घ तेवढे तपासले, लाल शाईऐवजी पेन्सिलीने, आणि पुढचे कधी लिहिणार म्हणून विचारले. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणाली, किल्ला झाला की.